सुईणीचं काम गाळून सुईणीची गोष्ट सांगू नका: महिला दिन पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

८ मार्च जवळ आला की पुरवण्यांमध्ये आणि त्यातून उचललेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात ब्रिजेट ऊर्फ बिडी मेसन या एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या सुईणीवरचा लेख आता हमखास असतो. मथळा बहुधा एकच: ‘गुलाम ते कोट्यधीश’. यंदा एका पुरवणीने कडीच केली. अर्धं पान, त्यात बेड्या घातलेल्या भलत्याच बाईचं चित्र, आणि ज्या कामावर मेसनबाई आयुष्यभर जगल्या त्या सुईणपणाला एक ओळ. आम्ही चुका लिहून पाठवल्या, तर ‘सदर प्रेरणादायी आहे, इतकं काटेकोर नको’ असं उत्तर आलं. ते आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आम्ही काही जण नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रसूतीचा विषय शिकवतो, काही जण अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास. तुमची कात्रणं विद्यार्थिनी प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात आणि तोंडी परीक्षेत तेच सांगतात. शिवाय मराठी वाचकाला हा विषय परका आहे, असं समजून काहीही खपवू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली, ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. दीडशे वर्षांपूर्वीच्या आपल्या वाचकाला जेवढं गांभीर्य मिळालं, तेवढं आजच्यालाही मिळायला हरकत नसावी.

पहिली तक्रार सुटकेबद्दल. लेखात त्या १८६३ साली ‘लिंकनच्या घोषणेने’ मोकळ्या झाल्या. ती घोषणा बंडखोर दक्षिणेकडच्या प्रदेशांपुरती होती, आणि मेसनबाई तोवर कॅलिफोर्नियात सात वर्षं स्वतंत्र होत्या. लॉस एंजेलिसच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश बेंजामिन हेज यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९ जानेवारी १८५६ रोजी. यातल्या तारखा कंटाळवाण्या वाटतील, पण सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

कॅलिफोर्निया ९ सप्टेंबर १८५० ला संघराज्यात आलं आणि त्याच्या घटनेत गुलामगिरीला मुळातच थारा नव्हता. रॉबर्ट स्मिथ या मालकाने मेसनबाईंना युटातून सॅन बर्नार्डिनोला आणलं १८५१ मध्ये, म्हणजे राज्य झाल्यानंतर. कागदोपत्री त्या तिथे पोचल्या तेव्हाच मोकळ्या होत्या. तरी पुढची चारेक वर्षं त्या स्मिथकडेच राबल्या, कारण हे कलम लागू करून घ्यायला कुणीतरी कोर्टात जावं लागतं, आणि १८५० चा फौजदारी व १८५१ चा दिवाणी कायदा असा की गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्षच चालत नाही. भरीला १८५२ चा पळालेल्या गुलामांबद्दलचा कायदा. राज्य होण्याआधी आणलेले गुलाम मालकाला परत नेता येतील अशी मुभा त्यात होती, ती दोनदा वाढवली आणि एप्रिल १८५५ मध्ये संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस स्मिथ सगळं बिऱ्हाड घेऊन टेक्सासला निघाला. टेक्सासात गुलामगिरी राजरोस होती. पुढे मार्च १८५७ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळा माणूस नागरिकच नाही असं ठरवलं. एप्रिल १८५५ ते मार्च १८५७ एवढीच काय ती फट होती, आणि नेमकी त्या फटीत ही केस उभी राहिली.

हेबियस कॉर्पसचा (अडकवून ठेवलेल्या माणसांना कोर्टापुढे हजर करा, असा) अर्ज झाला, स्मिथचा तळ सांता मोनिकाच्या डोंगरातल्या एका दरीत होता तिथून सगळ्यांना ताब्यात घेतलं गेलं. सुनावणीच्या ऐन वेळी मेसनबाईंच्या बाजूचा वकील बाजूला झाला. साक्षीला बंदी, म्हणून हेज यांनी त्यांना भर कोर्टात न बोलावता आपल्या खोलीत विचारलं. टेक्सासातही इथल्यासारख्याच मोकळ्या राहाल असं स्मिथने सांगितलं होतं, पण या प्रवासाची पहिल्यापासून धास्ती होती, असा त्यांचा जबाब नोंदलेला आहे. हा जबाब आहे म्हणून आज त्या आपल्याला त्यांच्या स्वतःच्या शब्दांत थोड्यातरी सापडतात. साक्षीवरची बंदी काळ्यांपुरती उठली १८६३ मध्ये. १८५६ च्या या खोलीतल्या जबाबाला तुमच्या लेखात जागा नाही, आणि लिंकनच्या फोटोला आहे.

दुसरी तक्रार माणसं गाळण्याची. ‘एकट्या बाईची झुंज’ हे वाक्य वाचून आम्ही कपाळाला हात लावला. त्या अर्जात चौदा जीव होते. मेसनबाई आणि त्यांच्या तीन मुली एलन, अ‍ॅन, हॅरिएट. बाकी हॅना नावाची दुसरी गुलाम बाई आणि तिची मुलंबाळं, त्यात एक नातवंडही. हॅनाचं सगळ्यात धाकटं बाळ अर्जाच्या वेळी दोन आठवड्यांचं होतं. सुईणकाम जाणणाऱ्याला यातून जे दिसतं ते तुमच्या लेखकाला दिसलं नाही: डोंगरातल्या तळावर ओली बाळंतीण होती, आणि तिला तशीच बैलगाडीत घालून टेक्सासपर्यंत न्यायचा बेत होता. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसून ओटीपोटात दिसेनासं व्हायला दहा-बारा दिवस लागतात, पूर्ववत व्हायला सहा आठवडे. त्या काळात धक्के, उपास आणि ताप यांतला कुठलाही एक पुरतो.

अर्ज घडवून आणणारी माणसंही लेखातून गायब आहेत. रॉबर्ट ओवेन्स टेक्सासात स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेऊन १८५० च्या सुमारास लॉस एंजेलिसला आले होते. सॅन पेद्रो स्ट्रीटवर त्यांचा घोड्यांचा तबेला होता, लष्कराला जनावरं विकायचे, हाताखाली गुराखी होते. ते गुराखी शेरीफबरोबर स्मिथच्या तळावर गेले. सॅन बर्नार्डिनोच्या एलिझाबेथ रोवन स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या, त्यांनीही धाव घेतली. रॉबर्ट यांचा मुलगा चार्ल्स याच्याशी पुढे एलनचं लग्न झालं आणि निकालानंतर मेसनबाई याच ओवेन्स कुटुंबाच्या आसऱ्याने शहरात राहिल्या. इतकी माणसं पुसून एकच बाई उरवली, तर वाचकाला वाटतं जिद्द असली की पुरे. तबेला, घोडे आणि ओळखीचा शेरीफ नसता तर हा खटला कोर्टाच्या पायरीपर्यंतही गेला नसता.

तिसरी तक्रार आमच्या विषयाची, आणि ती सविस्तरच मांडावी लागेल.

तुमच्या लेखात ‘त्यांना जडीबुटीचं ज्ञान होतं, त्या सुईण म्हणूनही काम करत’ एवढंच येतं. आधी हे काम गुलामगिरीत काय होतं ते पाहा. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायदा केला की मूल आईच्या दर्जाचं, आणि बाकीच्या दक्षिणेत तोच नियम चालला. आई गुलाम तर मूल जन्मतः गुलाम, बाप कोणीही असो. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, त्यामुळे मालकाची ‘इस्टेट’ वाढायची ती बाळंतपणातूनच. म्हणजे सुईणीच्या हातून सुखरूप जन्मलेलं प्रत्येक मूल मालकाच्या हिशेबवहीत जमेला. मेसनबाईंच्या तिन्ही मुली अशाच स्मिथच्या वहीत होत्या. हे न सांगता ‘त्या शेकडो बाळांना जगात आणणारी माऊली’ असं लिहिणं गोड आहे, पण अर्धवट आहे.

१८४८ मध्ये स्मिथ कुटुंब मिसिसिपीहून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबरोबर युटाकडे निघालं. तीनशे गाड्यांचा तांडा, सुमारे १,७०० मैल, म्हणजे २,७०० किलोमीटरच्या वर. तिशीतल्या मेसनबाई गाड्यांमागून चालत होत्या. गुरं हाकायची, तळ टाकायचा आणि मोडायचा, स्वयंपाक, वाटेतली बाळंतपणं, आणि स्वतःच्या दहा वर्षांची, चार वर्षांची आणि अंगावर पिणारी अशा तीन मुली. मैदानी टापूत लाकूड मिळत नसे. त्या वाटेने जाणारे लोक रानरेड्यांचं वाळलेलं शेण जाळायचे. पाणी तापवायचं ते त्याच गोवऱ्यांवर.

आता नुसत्या हातांनी करायचं ते काम. लॉस एंजेलिसमध्ये मेसनबाईंच्या जागेवर १९८९ मध्ये शीला द ब्रेटविल यांनी केलेली ८१ फुटी भिंत आहे. तिच्यात सुईणीची पिशवी, कात्री आणि दोऱ्याची रिळं यांचे ठसे उमटवले आहेत. तुमच्या लेखात त्या भिंतीचा ‘भव्य स्मारक’ असा उल्लेख आहे, कात्री-दोऱ्याचा नाही. त्या दोन वस्तूंचा उपयोग असा. बाळ बाहेर आलं, रडलं, नाळेचे ठोके मंद झाले की पहिली गाठ बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, दुसरी तिच्यापुढे दोन बोटांवर, आणि कात्री मधोमध. गाठ एकदा आवळून भागत नाही. नाळेत चिकट गर असतो. तो सुकत जातो तशी नाळ बारीक होते आणि पहिली गाठ सैल पडते. म्हणून तासाभराने पुन्हा बघायचं, लागली तर दुसरी गाठ घालायची. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर. कपड्यावर पन्नास मिलिलिटर सांडलं तरी पाचवा हिस्सा गेला, आणि अंधारात दुपट्याखाली ते कळतही नाही.

मग वार, म्हणजे नाळेचं आतलं टोक जिथे जोडलेलं असतं तो मांसल गोळा. इथे घाई करणारा जीव घेतो. वार सुटल्याच्या खुणा असतात: पोटावर हात ठेवला तर गर्भाशय कडक आणि गोल लागतं, नाळ आपोआप थोडी लांबते, रक्ताचा एक लोट येतो. या खुणांआधी नाळ ओढली तर नाळ तरी तुटते, नाहीतर गर्भाशयाची पिशवी उलटी होऊन बाहेर येते आणि बाळंतीण काही मिनिटांत जाऊ शकते. वार पडली की ती तळहातावर पसरून भाकरीसारखी फिरवून बघायची, एखादा तुकडा कमी नाही ना. आत राहिलेल्या तुकड्यामुळे पिशवी आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. तेव्हा पोट चोळायचं, बाळाला लगेच छातीशी लावायचं, लघवी तुंबली असेल तर आधी ती करवायची, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आकसू देत नाही. पिशवी आवळणारं एर्गोमेट्रिन हे औषध शुद्ध स्वरूपात हाती आलं १९३५ मध्ये. रक्तगट १९०१ पर्यंत माहीतच नव्हते. ऑपरेशनमध्ये जंतुनाशक वापरायची लिस्टर यांची पद्धत १८६७ मध्ये छापून आली, धनुर्वाताचा जंतू ओळखला गेला १८८० च्या दशकात. मेसनबाईंचं बहुतेक काम याआधीचं. हात, डोळे, धीर आणि स्वच्छ कात्री याखेरीज सुईणीजवळ फारसं काही नव्हतं. आपल्याकडच्या दाई प्रशिक्षणात ज्या पाच स्वच्छता शिकवत आले (हात, जागा, पातं, दोरा, बेंबी) त्या इतक्या साध्या वाटतात, पण जंतू माहीत नसताना त्या पाळणं म्हणजे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाचं फळ. ‘जडीबुटी’ हा शब्द त्यावर पांघरूण घालतो.

निकालानंतर डॉ. जॉन ग्रिफिन यांनी मेसनबाईंना परिचारिका आणि सुईण म्हणून कामावर ठेवलं, दिवसाला अडीच डॉलर. सधन घरं, गरीब घरं, गोरे, मेक्सिकन, काळे, सगळीकडे त्यांना बोलावणं असे; तुरुंगातही त्या शुश्रूषेला जात. १८६२-६३ च्या देवीच्या साथीतही त्यांनी रोग्यांची सेवा केली.

चौथी तक्रार पैशाची. ‘नशिबाने घेतलेल्या जमिनीने सोनं केलं’ हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. नोव्हेंबर १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर, तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या मध्ये, त्यांनी जागा घेतली २५० डॉलरना. अडीच डॉलरच्या मजुरीने ते शंभर दिवसांचे पैसे होतात. जमवायला लागली दहा वर्षं, कारण तीन मुलींचं घर त्याच मजुरीत चालायचं. लिहितावाचता येत नसल्यामुळे सही म्हणून फुली. तुमचा लेखक ‘अडाणी असूनही’ असं लिहितो. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना शिकवण्यालाच कायद्याची आडकाठी होती, हेही त्याच वाक्यात लिहायला काय हरकत होती? कागदाची किंमत त्यांना पुरेपूर कळत होती. मुक्ततेच्या निकालाची प्रमाणित प्रत त्यांनी १८६० मध्ये मिळवून ठेवली होती.

जागा घेतली तेव्हा तो गावाचा कड होता. १८६० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसची वस्ती ४,३८५, १८७० मध्ये ५,७२८. रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोशी जोडलं गेलं १८७६ मध्ये, दुसरी रेल्वे आली १८८५ मध्ये आणि दोन कंपन्यांत भाड्याची चढाओढ लागली; १८९० मध्ये वस्ती ५०,३९५. या सगळ्या काळात मेसनबाईंनी जागा धरून ठेवली. १८८४ मध्ये एक भाग १,५०० डॉलरना विकला आणि उरलेल्या जागेवर विटांची दुमजली इमारत बांधली: खाली भाड्याची दुकानं, वर राहणं. अडीचशे डॉलरच्या जागेचा फक्त एक तुकडा सहापट किमतीला गेला, आणि तोही अठरा वर्षांनी. याला नशीब म्हणायचं तर घरासाठी पै पै जमवणाऱ्या प्रत्येकाला नशीबवान म्हणा. ‘पहिली काळी कोट्यधीश महिला’ हे तर कुठून आलं तुम्हालाच ठाऊक. लॉस एंजेलिसमध्ये जमीन घेणाऱ्या पहिल्या काही काळ्या स्त्रियांपैकी एक, एवढं म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

पाचवी तक्रार वारशाबद्दल, ती थोडक्यात. १८७२ मध्ये शहरातलं पहिलं आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च त्यांच्या घरी भरलेल्या बैठकीतून उभं राहिलं. पाद्र्याचा पगार आणि जागेचा कर त्या भरत. एलन आणि चार्ल्स यांचा मुलगा रॉबर्ट करी ओवेन्स जमीनजुमल्याच्या धंद्यात मोठा झाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या सर्वांत श्रीमंत काळ्या माणसांत त्याची गणना होई. तुमच्या लेखात नातू ‘व्यापारी’ आणि मुली बिननावाच्या. मूठ मिटली तर काही चांगलं आत येत नाही, उघडा हात देतो तसा घेतोही, अशा अर्थाचं जे वाक्य तुम्ही अवतरणचिन्हांत चौकटीत छापता, ते कुटुंबात तोंडी चालत आलेलं आहे. त्यांच्या हातचं लिखाण असं काही नाहीच. ‘कुटुंबात सांगितलं जातं’ हे तीन शब्द चौकटीत सहज मावतील. आणि ‘शहराने त्यांना सन्मानाने निरोप दिला’ हे धादांत खोटं. १५ जानेवारी १८९१ ला त्या गेल्या, एव्हरग्रीन दफनभूमीत पुरल्या गेल्या आणि सत्त्याण्णव वर्षं तिथे नावाचा दगड नव्हता. तो बसला २७ मार्च १९८८ रोजी, महापौर टॉम ब्रॅडली आणि त्या चर्चचे सुमारे तीन हजार सभासद यांच्या उपस्थितीत.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

ज्या पुरवणीत चूक छापली त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात दुरुस्ती छापा. सुटकेची तारीख, न्यायाधीश आणि चौदा जणांचा उल्लेख त्यात असू द्या. हॅनाचं नाव वगळू नका.

बेड्यांचं चित्र काढा. मेसनबाईंचं स्वतःचं छायाचित्र उपलब्ध आहे. ते वापरा आणि खाली ते त्यांचंच आहे असं लिहा.

दस्तऐवजातली गोष्ट आणि कुटुंबातली आठवण वेगवेगळी सांगा. दोन्हींना जागा आहे. पुरात घर गेलेल्यांसाठी त्यांनी वाण्याकडे स्वतःच्या नावाने खातं उघडून दिलं होतं, ही आठवणही छापा, पण आठवण म्हणून.

सुईणीवर लेख असेल तर निदान एक परिच्छेद तिच्या कामाला द्या, आणि तो छापण्याआधी एखाद्या प्रसूतिकक्षातल्या सिस्टरकडून वाचून घ्या. तुमच्या प्रत्येक जिल्हा आवृत्तीच्या गावात एक तरी सरकारी रुग्णालय आहे, तिथे रात्रपाळी संपताना गेलात तर कोणीही दहा मिनिटं देईल. आमच्याकडे पाठवलात तर आम्ही दोन दिवसांत, विनामोबदला, तपासून परत करू.

आणि मथळ्यातून ‘कोट्यधीश’ काढा. ‘सुईण’ लिहा.

आपले,
नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रसूतीचा विषय शिकवणारे शिक्षक
आणि गुलामगिरीच्या इतिहासाचे अभ्यासक